फी, वर्गणी व शिधा

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा मार्ग ज्या ठिकाणीं घोडबंदरच्या रस्त्यास वाट करून देतो, तेथें माजिवडा आहे. एके काळीं हें भातशेतीचें, आगरी-कोळ्यांच्या वस्तीचें लहानसें गांव होतें. १९८२ सालीं ठाण्याची महानगरपालिका झाली, आसपासचीं गांवें तिच्या हद्दींत आलीं, आणि पुढच्या चाळीस वर्षांत ह्या गांवाच्या चहूं बाजूंनीं गगनाला भिडणाऱ्या इमारती उभ्या राहिल्या. गांवठाण मात्र त्यांच्या पायथ्याशीं अजून जीव धरून आहे. जून महिना लागला म्हणजे ह्या गांवठाणाच्या तोंडाशीं दोन रांगा दिसूं लागतात: एक वह्यापुस्तकांच्या व गणवेशाच्या दुकानापुढें, दुसरी रेशनच्या दुकानापुढें. रोज तेथून जाणाऱ्यास त्यांचें कांहीं वाटेनासें होतें. परंतु मागें एकदां ध्यानांत आलें कीं, दोन्ही रांगांत पुष्कळदां तींच माणसें उभीं असतात.

आमच्या इमारतींत धुणींभांडीं करणाऱ्या एक बाई त्या सुमारास एक छापील कागद घेऊन मजकडे आल्या. मुलगा जवळच्या एका खासगी शाळेंत सहावींत गेला होता. कागदावर वर्षाच्या फीचे आंकडे होते. शाळा सांगेल त्याच दुकानांतून घ्यावयाचीं पुस्तकें, दोन तऱ्हेचे गणवेश, दोन तऱ्हेचे बूट ह्यांची यादी होती. आणि सर्वांत खालीं 'ऐच्छिक विकासनिधि' ह्या नांवाखालीं पंधराशें रुपयांचा आंकडा आधींच छापून ठेवलेला होता.

"सर, ऐच्छिक म्हणजे द्यायचेच ना?" त्यांनीं विचारिलें.

"नाही, मनात असेल तर द्यायचे," मीं सांगितलें.

"मग आकडा कशाला छापलाय?"

त्याच सकाळीं त्या रेशनच्या दुकानावरून रिकाम्या पिशवीनें परतल्या होत्या. वर्षानुवर्षें भांडीं घांसून बोटांवरच्या रेघा पुसट झालेल्या. यंत्रावर अंगठा उमटेना. उद्यां या, असें उत्तर मिळालें होतें. त्यांच्या पहिल्या प्रश्नास कोशांतलें उत्तर मजपाशीं होतें, दुसऱ्यास नव्हतें. तीस वर्षें इतिहास शिकविण्यांत घालविलेल्या माणसास अशा वेळीं मागें वळून पाहण्याची खोड असते. विद्येचा खर्च कोणीं सोसावा, आणि शिकणाऱ्या मुलाच्या पोटांत अन्न कोणीं घालावें, हे दोन प्रश्न आपल्याकडे वेगळे कधींच नव्हते. फी, वर्गणी आणि शिधा हीं एकाच हिशेबाचीं तीन सदरें आहेत. त्या हिशेबाचीं मागचीं पानें चाळून पाहावीं, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

इंग्रजी अमलापूर्वींच्या गांवठी शाळेंत छापील पावती नव्हती, पण खर्च होताच. पंतोजीला वेतन कोणी देत नसे. मुलांच्या घरून येणारें धान्य, सणावारीं मिळणारा शिधा, मुलगा एक विषय संपवून दुसऱ्यास लागला म्हणजे मिळणारें पागोटें किंवा चार नाणीं, ह्यांवर त्याचा संसार चाले. ज्याच्या घरून शिधा येई त्याचा मुलगा पुढें बसे, हें सांगण्यास कागदपत्रांची साक्ष काढण्याची गरज नाहीं. वरच्या विद्येस पेशव्यांची दक्षिणा होती; श्रावणांत पुण्यास ब्राह्मणांना वांटली जाणारी ती दक्षिणा. इंग्रजांनीं १८२१ सालीं पुण्यास जी संस्कृत पाठशाळा काढली ती त्याच दक्षिणेच्या पैशांतून. म्हणजे आपल्याकडे सरकारी शिक्षणाचा पहिला पैसा मुळांत दानधर्माच्या खात्यांतला आहे. ही गोष्ट मला पुष्कळ अर्थपूर्ण वाटते. दान देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याची मिंधेगिरी हा त्या पैशाचा जन्मजात गुण होता, आणि तो पुढें खातें बदललें तरी पुरता गेला नाहीं.

ह्या जुन्या पद्धतीचें सर्वांत घरगुती रूप म्हणजे 'वार'. गरीब विद्यार्थ्यानें शिकावयास शहरांत यावें, सात घरें धरावीं, सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं जेवावें. वार मिळाले नाहींत तर झोळी घेऊन माधुकरी मागावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आणि विसाव्याच्या पहिल्या चाळीस वर्षांतील किती तरी वकील, मास्तर, डॉक्टर, संपादक ह्या अन्नावर वाढले. साने गुरुजींना औंधास व पुण्यास शिकतांना अन्नाचे काय हाल सोसावे लागले, तें त्यांच्या वाचकांस ठाऊक आहे. पुण्यास १९०९ सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थि-गृह हें ह्याच अडचणींतून जन्मास आलें, व स्वातंत्र्यानंतर १९५५ सालीं निघालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीलाहि खेड्यांतून आलेल्या मुलाच्या राहण्याजेवण्याचाच प्रश्न सोडवावयाचा होता.

आमचे आजोबा कोंकणांतून ठाण्यास शिकावयास आले, तेव्हां त्यांस सहा वार मिळाले. गुरुवार कांहीं केल्या मिळेना. गुरुवारीं कोणीं विचारिलें तर ते सांगत, आज दत्ताचा उपास आहे. पुढें त्यांनीं चांगली नोकरी केली, घर बांधलें, मुलांचीं लग्नें केलीं. पण गुरुवारचा उपास त्यांनीं मरेपर्यंत सोडला नाहीं. आम्हां मुलांस ती त्यांची दत्तभक्ति वाटे. खरी हकीकत आजीनें ते गेल्यावर सांगितली. वार लावून जेवण्याच्या गोष्टी आपल्या चरित्रवाङ्मयांत मोठ्या अभिमानानें सांगितल्या जातात, आणि त्या सांगणाऱ्यांचा अभिमान खोटा नाहीं. तरी त्या वाचतांना मला नेहमीं ज्यांना वार न पुरल्यामुळें शाळा सोडावी लागली अशांची आठवण होते. त्यांनीं चरित्रें लिहिलीं नाहींत. शिवाय हें अन्न जातीच्या उंबऱ्याच्या आंत शिजत असे. कुणब्याच्या, आगऱ्याच्या, महाराच्या मुलास सात काय, एकहि वार मिळण्याची सोय नव्हती. जी व्यवस्था समाजाचा औदार्यभाग म्हणून गाजली, तिच्या पंक्तीला समाजाचा मोठा भाग कधीं बसलाच नाहीं.

आतां दुसरें पान. १८५४ च्या खलित्यानें सरकारनें शिक्षणाची जबाबदारी तत्त्वतः पत्करली, पण जबाबदारी पत्करणें आणि थैली सोडणें ह्या दोन निराळ्या गोष्टी. मुंबई इलाख्यांत १८६३-६४ च्या सुमारास जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागें एक आण्याचा लोकल फंड बसविण्यांत आला. त्याचा दोन-तृतीयांश भाग रस्त्यांकडे व एक-तृतीयांश शाळांकडे जावयाचा होता. म्हणजे ठाण्याच्या आसपासच्या खाडीकाठचा भात पिकविणारा शेतकरी साऱ्याबरोबर शाळेचाहि आणा भरूं लागला, त्याच्या गांवांत शाळा असो वा नसो. आणि मुलास शाळेंत घातलेंच, तर वर फी वेगळी. फी आण्या-दोन आण्यांची असे. ती ऐकून आज हंसूं येतें. परंतु रोजची मजुरीच जेथें दोन-तीन आणे, तेथें ती हंसण्यासारखी नव्हती. त्याहून मोठा खर्च कोणत्याच कागदावर येत नसे. गुरें राखणारा मुलगा शाळेंत बसला म्हणजे गुरें कोणीं राखावीं?

हा हिशेब पहिल्यानें चव्हाट्यावर मांडला तो जोतीराव फुल्यांनीं. १८८२ सालीं हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-आयोग नेमला गेला, त्याजपुढें १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं पुण्याहून त्यांनीं जें निवेदन सादर केलें, त्याचा गाभा अगदीं व्यापाऱ्याच्या वहीसारखा सरळ आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या घामांतून येतो. त्या पैशांतून वरच्या वर्गांचें उच्च शिक्षण चालतें. ज्यांनीं पैसा भरला त्यांचीं मुलें अक्षरशत्रु राहतात. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, व लोकल फंडाचा पैसा ज्यांचा त्यांच्या मुलांवर खर्चावा. ह्या निवेदनांत दयेची याचना कोठेंहि नाहीं. धर्मखात्यांतला पैसा फुल्यांनीं हक्काच्या खात्यांत ओढून नेला, हें त्यांचें खरें कार्य. आमच्या विद्वानांनीं त्या काळीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं, हें कबूल करणें भाग आहे. आणि प्राध्यापक मंडळी अजूनहि फुल्यांना समाजसुधारकांच्या धड्यांत घालतात, अर्थशास्त्राच्या धड्यांत घालीत नाहींत.

फुल्यांच्या ह्या हिशेबामागें अनुभव होता. १८७६-७७ च्या दुष्काळांत सत्यशोधक मंडळींनीं पुण्याजवळ धनकवडीस उपाशी मुलांसाठीं अन्नछत्र उघडलें होतें, व त्यासाठीं १८७७ च्या मे महिन्यांत फुल्यांनीं लोकांस मदतीची जाहीर विनंती केली होती. स्वतः वर्गणी मागितलेल्या माणसानें पांच वर्षांनीं सरकारला सांगितलें कीं, हें काम वर्गणीचें नव्हे. ज्यानें कधीं पदर पसरलाच नाहीं, त्याच्या तोंडीं हें वाक्य इतकें शोभलें नसतें.

तीस वर्षांनीं गोखल्यांनीं तीच मागणी घटनेच्या भाषेंत मांडली. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं मध्यवर्ती कायदे कौन्सिलांत प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. बिल अतिशय सौम्य होतें. ज्या भागांत ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील, तेथल्या स्थानिक संस्थेस वाटल्यास सक्ती करतां यावी, आणि ज्या पालकाचें उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी असेल त्याजकडून फी घेऊं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें. पुढच्या वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळण्यांत आलें. विरोध करणाऱ्यांत कांहीं देशी जमीनदारहि होते, हें विसरतां येत नाहीं. इकडे संस्थानांत मात्र निराळें घडत होतें. सयाजीराव गायकवाडांनीं अमरेली महालांत १८९३ पासून प्रयोग करून १९०६ मध्यें साऱ्या बडोदें राज्यांत शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत तेंच केलें, आणि त्याच्या कितीतरी आधीं, १९०१ पासून, जातीजातींचीं वसतिगृहें काढण्यास आरंभ केला होता. शाहूंना हें कळलें होतें कीं, फी माफ केल्यानें शाळेचा दरवाजा उघडतो, पण मुलगा आंत येतो तो पोटाची सोय झाल्यावर.

ब्रिटिश मुलुखांत सरकार हात आंखडतें घेत होतें, तेव्हां महाराष्ट्रांत वर्गणीचें युग आलें. ह्या युगाविषयीं लिहितांना लेखणी सैल सुटण्याचा धोका आहे, कारण आम्ही सारे त्याच युगाच्या मिळकतीवर बसलों आहों. ज्या महाविद्यालयांत मीं उमेदवारी केली, त्याच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांपैकीं निम्म्या पाट्यांवर आंकडे हजारांच्या आंतले आहेत, आणि त्याच मला जास्त आवडतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीसाठीं नामजोशांनीं संस्थानिकांच्या दारीं घातलेल्या खेपा, अंताजीपंत काळ्यांचा पैसा फंड व त्यांतून १९०८ मध्यें तळेगांवास निघालेला कांचेचा कारखाना, ह्या गोष्टी सर्वश्रुत आहेत; त्यांचा येथें नुसता उल्लेख पुरे. अण्णासाहेब कर्व्यांचें उदाहरण मात्र थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. महिला विद्यापीठास १९२० मध्यें ठाकरसींकडून पंधरा लाखांची देणगी मिळविणारा हा गृहस्थ १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठीं मंडळ काढतो आणि पुण्याच्या गल्ल्यांतून दारोदार फिरून तांब्याचीं नाणीं गोळा करतो. लाखांची देणगी मिळविणें अवघड खरेंच. पण ती मिळविल्यावर पुन्हां पैसा-दोन पैसे मागावयास निघणें हें त्याहून अवघड.

आणि कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ सालीं सातारा जिल्ह्यांत काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह आलें. १९२७ सालीं महात्माजींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव मिळालें. सर्व जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत, एकत्र शिजवीत आणि एका पंक्तीस जेवीत. ह्या पंक्तीसाठीं धान्य येई तें 'मुष्टिफंडा'तून: घरच्या बाईनें दळण काढतांना एक मूठ धान्य शाळेसाठीं बाजूस ठेवावयाचें. एकदां वसतिगृहांत दाणा उरला नाहीं, तेव्हां लक्ष्मीबाईंनीं, भाऊरावांच्या पत्नीनें, दागिने विकले; शेवटीं मंगळसूत्रहि विकलें. १९३० सालीं त्या वारल्या. ही गोष्ट आपण शाळेंतल्या मुलांस त्यागाची म्हणून सांगतों, आणि ती त्यागाची आहेच. पण मी ती जेव्हां जेव्हां वाचतों, तेव्हां मनांत येतें कीं, शेकडों मुलांच्या जेवणाचा भार ज्या समाजानें व ज्या सरकारनें एका बाईच्या गळ्यावर टाकला, त्यांची ही नामुष्कीहि आहे.

मुष्टिफंड आणि वार ह्यांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि ह्या लेखाचा सारा भर खरें पाहतां ह्या अंतरावर आहे. वाराच्या घरीं जेवणारा मुलगा देणाऱ्याच्या डोळ्यांपुढें जेवत असे. त्याचें तोंड, त्याचा घांस, त्याचें मागून घेणें किंवा न घेणें, सारें कोणी तरी पाहत असे. मुष्टिफंडांत मूठ कोणाची ती मडक्यांत पडल्यावर ओळखूं येत नाहीं. शिवाय मूठ देणारी बाई बहुधा त्याच मुलांच्या आयांपैकीं एक असे. ती दान देत नव्हती; स्वतःच्या शाळेचा खर्च ज्या नाण्यांत तिला देतां येत होता त्या नाण्यांत देत होती. ह्यासहि मर्यादा होतीच. भाऊरावांच्या एका भाषणानें रागावून १९४८ सालीं मुंबई सरकारनें संस्थेचें अनुदान थांबविलें, तेव्हां मुठीमुठीच्या बळावर एवढ्या शाळा फार काळ चालणार नाहींत, हें सर्वांस दिसलें. लोकांनीं शक्तीप्रमाणें मदत केली. तरी अनुदान पुन्हां सुरू व्हावें लागलेंच. लोकांची मूठ सरकारच्या थैलीची जागा घेऊं शकत नाहीं. आणि थैली ज्याच्या हातीं, तो मर्जीप्रमाणें ती आवळूंहि शकतो. ह्या दुहेरी अडचणींतून आपण अजून बाहेर पडलेलों नाहीं.

ह्याच सुमारास इंग्लंडांत काय झालें तें पाहण्याजोगें आहे. बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यांत भरती होण्यास आलेले तरुण इतके खुरटलेले निघाले कीं, राज्यकर्ते घाबरले. आणि १९०६ सालीं शाळेंतल्या उपाशी मुलांस जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा तेथें झाला. त्यांत एक लहानसें कलम आहे, तें मला त्या कायद्याचा प्राण वाटतें. त्या काळीं गरिबांच्या कायद्याखालीं मदत घेणाऱ्याचा मताधिकार जात असे. शाळेंत मुलानें जेवण घेतलें आणि बापास त्याचे पैसे देतां आले नाहींत, तरी बापाचा मताधिकार जाणार नाहीं, असें ह्या कलमानें ठरविलें. मुलगा सरकारी घांस घेऊनहि बाप पुरता नागरिक राहिला.

आपल्याकडे सरकारनें अन्नाची जबाबदारी घेतली ती शाळेच्या वाटेनें घेतली नाहीं, युद्धाच्या वाटेनें घेतली. २ मे १९४३ रोजीं मुंबई शहरांत रेशनिंग सुरू झालें आणि तेव्हांपासून शिधा हा जुना, लग्नकार्यांत व श्राद्धपक्षांत वापरला जाणारा शब्द शिधापत्रिकेच्या रूपानें सरकारी दप्तरांत शिरला. पुढें १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामांवर वांटली जाणारी सुकडी ही एका सबंध पिढीच्या जिभेवर राहिली. त्यानंतर माझ्या लहानपणीं शाळेंतहि सुकडी येई. ती गोड असे, आणि घरीं जेवून आलेलीं आम्ही मुलें ती मजेनें खात असूं. माझ्या शेजारीं बसणारा एक मुलगा मात्र ती न खातां कागदांत बांधून दप्तरांत ठेवी. घरीं धाकट्या बहिणी होत्या. हें मला पुष्कळ वर्षांनीं उमजलें. त्या वेळीं आम्ही त्यास चिकट म्हणून चिडवीत असूं.

जुन्या ठाणें जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर भूक आणि शाळा ह्यांची गांठ सर्वांत डोळसपणें घातली ती ताराबाई मोडकांनीं. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. (हा सारा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो.) वारली मुलें शाळेंत येत नाहींत, कारण तीं गुरें चारतात, तर शाळाच कुरणांत न्यावी, असें त्यांनीं ठरविलें. अंगणांत भरणाऱ्या बालवाडीस त्यांनीं अंगणवाडी म्हटलें. आधीं मुलास न्हाऊं घालावयाचें, कांहीं तरी खाऊं घालावयाचें, मग शिकवावयाचें, असा तेथला क्रम. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां अंगणवाडी हा मराठी शब्द साऱ्या देशांत गेला. मराठीनें देशाला दिलेल्या शब्दांची यादी आपण मोठ्या हौसेनें करतों. तींत हा शब्द पहिल्या पांचांत घालावा, अशी माझी सूचना आहे.

शाळेंतल्या जेवणाची गोष्ट मद्रासकडे आपल्यापेक्षां फार आधीं सुरू झाली. कामराजांनीं १९५६ मध्यें तेथें माध्यान्ह भोजन सुरू केलें. १९८२ मध्यें रामचंद्रन् ह्यांनीं त्याचा विस्तार केला. २०२२ पासून तेथें कांहीं सरकारी शाळांत सकाळच्या न्याहारीचीहि सोय होऊं लागली. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची. तिच्या आरंभीं आपल्याकडे शिजविलेलें अन्न नव्हतेंच. ज्याची हजेरी शेंकडा ऐंशी भरेल त्या मुलास महिन्यास तीन किलो तांदूळ मिळत. महिन्यांतून एक दिवस वर्गाचें वाणसामानाचें दुकान होई, आणि गुरुजी तराजू धरीत. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांस शिजविलेलें गरम अन्नच दिलें पाहिजे, असा हुकूम केला, तेव्हां ही तांदुळाची पिशवी बंद होऊन खिचडी आली. फुल्यांच्या निवेदनापासून ह्या हुकुमापर्यंत एकशेंएकोणीस वर्षें गेलीं; पण अन्न आणि अक्षर दोन्ही अखेर हक्काच्या खात्यांत आलीं, असें म्हणतां येण्यासारखा तो दिवस होता. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठीं राखल्या गेल्या. २०१३ चा अन्नसुरक्षेचा कायदा आला. कागद पुरा झाला.

कागद पुरा झाला म्हणजे शाई फिकी होऊं लागते, असा अनुभव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें शाळेच्या जेवणांत आठवड्यास एक अंडें, व न खाणाऱ्यांस केळें, देण्याचें ठरविलें. चौदा-पंधरा महिने झाले, आणि जानेवारी २०२५ मध्यें नवा हुकूम आला कीं, अंड्यासाठीं व गोड पदार्थांच्या साखरेसाठीं सरकार वेगळा पैसा देणार नाहीं. शाळांनीं तो लोकसहभागांतून उभा करावा. फेब्रुवारी २०२४ मध्यें, एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेस त्या पंचवीस टक्के जागांतून सूट देणारा नियम निघाला होता. तो त्याच वर्षीं जुलैमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें रद्द केला. ह्यांतल्या दुसऱ्या गोष्टीवर खूप चर्चा झाली. पहिलीवर थोडी झाली, आणि ती अंडें शाकाहारी कीं मांसाहारी ह्या वळणावर जाऊन अडकली. मला त्या हुकुमांतला 'लोकसहभाग' हा शब्द खुपला. भाऊरावांच्या मुठीस लोकसहभाग म्हणावें तर ती सरकार देत नव्हतें म्हणून निघाली. येथें सरकारनें दिलेलें परत घेऊन मूठ मागितली आहे. आणि जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेंत मूठ मागावयाची कोणाकडे? ज्यांच्या मुलांना अंड्याची गरज आहे, त्यांच्याकडेच. एखादा सधन गृहस्थ वाढदिवसानिमित्त एक दिवस अंडीं देईल, छायाचित्रहि काढून घेईल. म्हणजे पुन्हां वार. फक्त घरांऐवजीं शाळेंत.

येथें कोणी म्हणेल कीं, माजिवड्याच्या त्या बाईंनीं मुलास महापालिकेच्या शाळेंत घातलें असतें, तर फी नव्हती, विकासनिधि नव्हता, खिचडी होती. तर्कदृष्ट्या हें बरोबर आहे. मींहि त्यांस एकदां हें विचारिलें होतें. त्या म्हणाल्या, "सर, तुमची मुलगी कुठल्या शाळेत होती?" ती खासगी इंग्रजी शाळेंत होती. मराठी शाळांच्या ऱ्हासावर मीं दोन-तीन ठिकाणीं व्याख्यानें दिलीं आहेत. त्या व्याख्यानांत ही माहिती येत नाहीं. ज्या वर्गाच्या हातांत शब्द आहे, त्यानें आपलीं मुलें सार्वजनिक शाळेंतून काढून घेतल्यावर त्या शाळेच्या अंड्याबद्दल मोठ्यानें बोलणारें कोणी उरत नाहीं. फुल्यांच्या वेळीं वरच्या वर्गानें खालच्याचा आणा घेतला, अशी तक्रार होती. आतां आम्ही आणा घेत नाहीं. आम्ही उठून जातों.

खासगी शाळांच्या फीसाठीं महाराष्ट्रांत १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे, २०११ चा शुल्क-नियमनाचा कायदा आहे. त्याखालीं पालक-शिक्षकांच्या समितीची संमति लागते. समितीवर बसण्यास सवड लागते, आणि बोलण्यास इंग्रजी. 'ऐच्छिक' निधि तर फींत मोडतच नाहीं, म्हणून तो समितीपुढें येण्याचें कारण नाहीं. ही वाट मोठ्या हुशारीनें काढलेली आहे, हें मान्य करावें लागतें.

त्या दिवशीं मीं बाईंस म्हटलें कीं, ऐच्छिक आहे तर तुम्ही देऊं नका; कोणी कांहीं करूं शकत नाहीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि मग म्हणाल्या कीं, वर्गांत ज्यांचे पैसे आले नाहींत त्यांचीं नांवें बाई वाचून दाखवितात; मुलगा त्या दिवशीं शाळेंत जात नाहीं. तेव्हां मीं अर्ज लिहून द्यावा. मीं कागद पुढें ओढून मराठींत आरंभ केला, तर त्यांनीं थांबविलें, "इंग्लिशमध्ये लिहा, सर, नाहीतर वाचत नाहीत." मीं दुसरा कागद घेतला. दोन हप्त्यांची विनंती लिहिली, आणि सवयीनें विचारिलें, "कारण काय लिहू? रेशनचं लिहू का? घरची परिस्थिती?"

"कारण नका लिहू," त्या म्हणाल्या. "मुलगाच तो कागद घेऊन जाणार आहे. दोन हप्त्यांत देते, एवढंच लिहा."